कुडाची भिंत आणि प्रार्थनामंदिर

उटनूरच्या खेड्यापाड्यांत प्रार्थनामंदिर उभारावयाचे म्हटले की सिमेंट व पत्रा यांचाच विचार प्रथम होतो. आम्हांस हे उचित वाटत नाही. येथील गोंड व कोलाम बांधव बांबूच्या कुडावर माती-शेण लिंपून वर गवत शाकारीत आले आहेत. अशा छपराखाली उन्हाची धग कमी लागते. पत्र्याखाली उपासकाचे लक्ष प्रवचनापेक्षा घामाकडेच अधिक!

वीटच हवी असेल, तर लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी केरळात रूढ केलेली रचना पाहावी. विटा कडेवर उभ्या लावून भिंतीच्या पोटात पोकळी ठेवावयाची. सुमारे चतुर्थांश विटा वाचतात व पोकळीतील हवा उष्णता अडविते. सायंप्रार्थनेच्या दिव्यांस अंगणातील सौरपट्टी व बॅटरी पुरते. मात्र कुडाच्या भिंतीस वरचेवर लिंपण लागते. ते काम कोणी करावयाचे, हे पाळकांनी पायाभरणीपूर्वीच मंडळीकडून ठरवून घ्यावे.