मॉन्टगोमेरी क्लिफ्ट : अपघातानंतरचाही नट

रंगभूमीवरून

क्लिफ्टचा जन्म १७ ऑक्टोबर १९२० चा, नेब्रास्कातल्या ओमाहाचा. मार्लन ब्रँडोही त्याच गावचा. चौदाव्या वर्षी क्लिफ्ट ब्रॉडवेवर उभा राहिला आणि पुढची दहा वर्षे नाटकातच रमला.

हॉलिवूड, पण करार नाही

त्या काळी स्टुडिओ नटांना सात-सात वर्षांच्या करारात बांधून घेत. क्लिफ्टने ते नाकारले. आधी पटकथा वाचायची, मग होकार द्यायचा. १९४८ मध्ये त्याचे ‘रेड रिव्हर’ आणि ‘द सर्च’ हे दोन चित्रपट झळकले. ‘द सर्च’साठी त्याला पहिले ऑस्कर नामांकन मिळाले. ‘रेड रिव्हर’मध्ये जॉन वेनसारख्या धिप्पाड नटासमोर तो आवाज चढवत नाही, नुसता ऐकतो, आणि नजर त्याच्यावरच खिळते. ‘अ प्लेस इन द सन’ (१९५१) आणि ‘फ्रॉम हिअर टू इटर्निटी’ (१९५३) यांनी आणखी दोन नामांकने दिली. दुसऱ्या चित्रपटात बिगुल वाजवणाऱ्या सैनिकाची भूमिका होती. पडद्यावर ऐकू येणारा सूर दुसऱ्याचा असूनही ओठ आणि गळा खरे दिसावेत म्हणून तो बिगुल शिकला.

१२ मे १९५६

‘रेनट्री काउंटी’चे चित्रीकरण चालू असताना एलिझाबेथ टेलरकडच्या मेजवानीहून परतताना त्याची गाडी खांबावर आदळली. टेलरने धावत जाऊन त्याच्या घशात अडकलेले दात काढले. जबडा मोडला होता. दारू आधीपासून होतीच, आता वेदनाशामक गोळ्याही जडल्या.

साक्षीदाराचा पिंजरा

यापुढचे त्याचे आयुष्य बहुतेक जण नुसती घसरण म्हणून सांगतात. मला ते साफ अन्यायाचे वाटते. ‘जजमेंट अ‍ॅट न्युरेंबर्ग’ (१९६१) पाहा. नाझी राजवटीने सक्तीने नसबंदी केलेला एक साधा कामगार साक्ष द्यायला येतो. क्लिफ्टला वाक्ये आठवेनात, तेव्हा दिग्दर्शक स्टॅन्ली क्रेमरने त्याला शब्द सुचतील तसे बोलायला सांगितले. ते अडखळणे त्या माणसाचेच होऊन गेले. आईचा फोटो दाखवत तो न्यायालयाला विचारतो, ही मंदबुद्धी होती का? एवढ्याशा भूमिकेसाठी चौथे नामांकन मिळाले; आधीच्या तिन्हींपेक्षा मला हेच काम मोठे वाटते.

अखेर

‘फ्रॉइड’नंतर (१९६२) चार वर्षे त्याचा एकही चित्रपट आला नाही. २३ जुलै १९६६ रोजी न्यूयॉर्कच्या घरी, ४५ व्या वर्षी तो गेला. ‘द डिफेक्टर’ त्यानंतर प्रदर्शित झाला. ऑस्कर त्याला कधीच मिळाले नाही.