हौशी वैमानिकाची लेखी परीक्षा

अमेरिकेच्या संघीय विमानवाहतूक प्रशासनाने २००४ साली हौशी उड्डाणासाठी जो ‘स्पोर्ट पायलट’ परवाना सुरू केला, त्याच्या लेखी परीक्षेत ४० प्रश्न असून उत्तीर्ण होण्यास ७० टक्के गुण लागतात. प्रत्येक प्रश्नाला तीनच पर्याय, म्हणून उमेदवार बहुधा प्रश्नसंच मुखोद्गत करू पाहतो. परंतु उष्म्याने हवा विरळ झाली म्हणजे पंखांची उचलण्याची शक्ती व इंजिनाचे बल दोन्ही क्षीण होऊन धावपट्टी अपुरी पडू लागते, हा कार्यकारणभाव ज्याने मनोमन उमजून घेतला नाही, त्याला आकडे किंचित बदलताच घोकंपट्टी दगा देते. हवामान, हवाई नकाशे व वजनाचा तोल यांनाच, माझ्या मते, अधिक वेळ द्यावा. कायदेकानू काय, मागाहूनही पाठ होतात. निकालाची मुदत २४ महिने. तेवढ्यात प्रत्यक्ष उड्डाणाची परीक्षा द्यावी लागते.