हिरव्या पानांतील लपलेला पिवळा

कळंबोली म्हटलें कीं लोखंडाचा बाजार आणि मुंबई-पुणें द्रुतगति मार्गाचें तोंड हींच बहुतेकांच्या डोळ्यांपुढें येतात. परंतु पनवेल तालुक्यांतील ह्या वसाहतींतही रोज पालक, माठ, अळू यांच्या जुड्या निवडल्या जातात, आणि त्या जुड्यांत रसायनशास्त्राचा एक सुंदर धडा दडलेला असतो. पालकाचें पान निव्वळ हिरवें दिसतें. तें खरोखर एकाच रंगाचें असतें काय? डोळ्याला ह्या प्रश्नाचें उत्तर देतां येत नाहीं. गाळणकागदाची एक पट्टी मात्र तें थोड्याच वेळांत देते.

पट्टी सुमारें १५ सेंटिमीटर लांब घ्यावी. तळापासून २ सेंटिमीटरांवर पेन्सिलीनें रेघ ओढावी. शाईनें ओढल्यास शाईचेच रंग सुटून वर चढूं लागतील. पालकाचीं पानें थोड्या अ‍ॅसिटोनमध्यें खलून अर्क काढावा, त्याचा बारीक ठिपका रेघेवर द्यावा, तो वाळूं द्यावा, आणि त्याच जागीं पुन्हां पुन्हां ठिपका देऊन तो गडद करावा. मग कांचेच्या उंच बरणींत ९ भाग पेट्रोलियम ईथर व १ भाग अ‍ॅसिटोन यांचें थोडें मिश्रण घालून पट्टी अशी टांगावी कीं, तिचें टोंक द्रवांत बुडेल, पण ठिपका द्रवाच्या वर राहील. ठिपका बुडाला तर रंग वर न चढतां खालींच विरघळून जातील. बरणीचें तोंड झांकून ठेवावें. हे दोन्ही द्रव अत्यंत ज्वालाग्राही आहेत. म्हणून हा प्रयोग स्वयंपाकघरांत कधींही न करतां प्रयोगशाळेंत, शिक्षकांच्या देखरेखीखालींच करावा.

द्रव कागदांतून वर चढूं लागतो, आणि एका हिरव्या ठिपक्याचे चार पट्टे होतात. सर्वांत वर नारिंगी-पिवळें कॅरोटीन, त्याखालीं पिवळें झँथोफिल, मग निळसर हिरवें क्लोरोफिल-अ, आणि तळाशीं पिवळसर हिरवें क्लोरोफिल-ब. द्रव १० सेंटिमीटर चढला आणि एखादा रंग ९.५ सेंटिमीटर चढला, तर त्या रंगाचा गतिगुणांक ०.९५ झाला. कागद, द्रव व उष्णतामान तींच असतील तर हा आंकडा फारसा बदलत नाहीं. त्यावरून रंग ओळखतां येतो.

एकाच वाटेनें निघालेले हे रंग मागेंपुढें कां होतात? कागदाच्या तंतूंना पाण्याची ओढ असते आणि पेट्रोलियम ईथरला तेलाची. कॅरोटीनच्या रेणूंत केवळ कर्ब व हायड्रोजन असल्यामुळें कागद त्याला अडवीत नाहीं; तें द्रवाबरोबर धांवत सुटतें. झँथोफिलांत प्राणवायूही असतो, म्हणून तें मागें रेंगाळतें. क्लोरोफिलच्या दोन प्रकारांतला फरक तर किती लहान! अ मध्यें जेथें मेथिल गट आहे तेथें ब मध्यें प्राणवायुयुक्त आल्डिहाइड गट आहे. परंतु तेवढ्यानेंच ब खालीं राहतें.

ह्या विद्येचा जनक रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत. पानाचा अर्क खडूच्या भुकटीनें भरलेल्या नळींतून गाळून त्यानें रंग वेगळे केले, आणि १९०६ सालीं ह्या रीतीस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे वर्णलेखन, हें नांव दिलें. कागदावरची रीति १९४४ सालीं इंग्लंडांत कॉन्सडेन, गॉर्डन व मार्टिन यांनीं सिद्ध केली. तिच्या मुळाशीं असलेल्या शोधाबद्दल मार्टिन व सिंज यांस १९५२ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें.

पट्टीवरच्या त्या पिवळ्या रेषेचें महत्त्व मात्र प्रयोगशाळेपुरतें नाहीं. कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करतें. त्या जीवनसत्त्वाचा तुटवडा पडला कीं मुलांना रातांधळेपणा येतो, आणि तो वाढत गेल्यास डोळा कायमचा जातो. भारत सरकारनें १९७० सालीं लहान मुलांना ह्या जीवनसत्त्वाचे डोस देण्याची योजना सुरू केली ती ह्याच कारणानें. डोळ्यांसाठीं गाजर खावें हें घरोघर ठाऊक असतें, कारण गाजराचें कॅरोटीन उघड दिसतें. पालक, माठ, शेवग्याचा पाला यांतलें कॅरोटीन हिरव्याच्या आड झांकलेलें. म्हणून त्याची आठवण होत नाहीं, आणि मुलानें पालेभाजी ताटांत टाकली तर फारसें कोणाला वाईटही वाटत नाहीं.

पट्टी आणखीही एक गोष्ट शिकविते. जो रंग पेट्रोलियम ईथरबरोबर सर्वांत पुढें धांवतो, तो तेलांत विरघळणारा आहे, पाण्यांत नव्हे. थोड्या स्निग्धांशावांचून तो नीट अंगीं लागत नाहीं. तेव्हां पालेभाजीला दिलेली तेलाची फोडणी ही केवळ चवीची बाब नाहीं. नुसत्या पाण्यांत उकडलेल्या भाजींतून डोळ्यांना मिळायचें तें पुरतें मिळत नाहीं.

चिंच घातलेलें अळूचें फदफदें शिजतांना काळपट होतें, तें आम्लामुळें क्लोरोफिलांतील मॅग्नेशियम निघून जातें म्हणून. कॅरोटीन त्या मानानें टिकाऊ असतें. भाजीचा हिरवेपणा मावळला म्हणून तिचें सत्त्वही गेलें असें समजून ती बाजूस सारण्याचें कारण नाहीं.