चारचौघांची साक्ष

२०२१ चा मे महिना. करोनाची दुसरी लाट ओसरू लागली होती, पण लस मिळवणं अजून सोपं झालं नव्हतं. सरकारच्या ‘कोविन’ या लस-नोंदणी संकेतस्थळावर तारीख मिळता मिळत नव्हती आणि लसीकरण केंद्रांबाहेर लांबच लांब रांगा लागत होत्या. अशा दिवसांत, ३० मे रोजी, कांदिवली पश्चिमेच्या ‘हिरानंदानी हेरिटेज’ या गृहसंकुलात लसीकरणाचं शिबिर भरलं. एका नामांकित खासगी रुग्णालयाशी आपला संबंध असल्याचं शिबिर भरवणाऱ्यांनी सांगितलं होतं. एका डोसचे १,२६० रुपये. सुमारे ३९० रहिवाशांनी दंड पुढे केला.

नंतरच्या दिवसांत रहिवासी एकमेकांशी बोलू लागले. तुला ताप आला? नाही. तुला? मलाही नाही. हात दुखला? नाही. कोविनचा मेसेज आला? तोही नाही. लस घेताना फोटो काढू दिले नव्हते, हेही आता खटकू लागलं. त्या काळात लस घेतल्याचा सेल्फी हा प्रत्येक घरातल्या फोनवरचा ठरलेला फोटो होता. केंद्रांवर त्यासाठी सेल्फी पॉइंटसुद्धा उभारलेले असायचे. मग प्रमाणपत्रं आली, तीही एकाच शिबिरातल्या लोकांना वेगवेगळ्या रुग्णालयांच्या नावांची. रहिवाशांनी रुग्णालयांकडे चौकशी केली. आम्ही असं शिबिर घेतलंच नाही, असं उत्तर मिळालं. जूनच्या मध्यावर प्रकरण पोलिसांत गेलं, अटका झाल्या, आणि कांदिवलीचं शिबिर हे अशा अनेक शिबिरांपैकी एक असल्याचं समोर आलं. मुंबईत २,०५३ लोक या बनावट शिबिरांना बळी पडल्याची माहिती राज्य सरकारने पुढे मुंबई उच्च न्यायालयात दिली. कुप्यांमध्ये सलाइनचं पाणी असावं, असा पोलिसांचा संशय होता.

सोशल मीडियावर विश्वास कमावू पाहणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण नीट समजून घ्यावं असं आहे. इथे दोन प्रकारचे पुरावे आमनेसामने आले. एक उसना पुरावा, म्हणजे मोठ्या रुग्णालयाचं नाव आणि छापील प्रमाणपत्र. दुसरा लोकांच्या अनुभवाचा. तो त्यांनी आपसांत ताडून पाहिला आणि त्यापुढे उसना पुरावा दोन आठवड्यांत कोसळला. लोकांची साक्ष खोट्याला उघडं पाडते आणि खऱ्याला उभं करते. मात्र ती लोकांचीच असावी लागते.

मार्केटिंगच्या क्षेत्रात याला ‘सोशल प्रूफ’ म्हणतात. विकणाऱ्याने स्वतःच्या मालाची तारीफ करण्याऐवजी घेणाऱ्याला बोलू द्यायचं. ग्राहकाच्या मेसेजचा स्क्रीनशॉट, जेवल्यानंतर त्याने टाकलेली स्टोरी, क्लासच्या विद्यार्थ्याचा व्हिडिओ, कमेंटमध्ये ‘मी तीन वर्षं यांच्याकडूनच घेते’ असं लिहिणारी बाई, हे सगळं त्यात मोडतं. माणूस अनोळखी ठिकाणी निर्णय घेताना आधी चारचौघांकडे पाहतो, एवढ्या साध्या सवयीवर हे उभं आहे.

ही सवय मोजली गेलेली आहे. मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्राम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या एका गजबजलेल्या फुटपाथवर केलेला प्रयोग १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका माणसाला समोरच्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावरच्या खिडकीकडे मान वर करून पाहत उभं केलं, तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्यांपैकी फक्त ४ टक्के लोक त्याच्यापाशी थांबले. तसेच १५ जण उभे केले, तेव्हा ४० टक्के थांबले. खिडकीत पाहण्यासारखं विशेष काही नव्हतं.

पण नुसती गर्दी पुरत नाही. ती कोणाची आहे, हेही माणूस पाहतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात हॉटेलातल्या पाहुण्यांना टॉवेल रोज धुवायला न टाकता पुन्हा वापरण्याची विनंती करण्यात आली. ‘पर्यावरणासाठी एवढं करा’ अशी नेहमीची पाटी असलेल्या खोल्यांमध्ये सुमारे ३७ टक्के पाहुण्यांनी ऐकलं. ‘याच खोलीत राहिलेल्या बहुतेक पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला’ अशी पाटी लावली, तेव्हा सुमारे ४९ टक्के लोकांनी. खोली तीच असण्यात तर्काला धरून काहीच नव्हतं, तरी फरक पडला. आपल्या जागी जो उभा होता, त्याचं म्हणणं माणसाला जवळचं वाटतं.

मराठीत याचं सर्वांत देखणं उदाहरण २०२३ च्या पावसाळ्यात घडलं. केदार शिंदे दिग्दर्शित ‘बाईपण भारी देवा’ ३० जूनला प्रदर्शित झाला. सहा बहिणी, त्यांचे आपसांतले रुसवे आणि मंगळागौरीची स्पर्धा, अशी कथा. रोहिणी हट्टंगडी आणि वंदना गुप्ते यांच्यासारख्या अभिनेत्री त्यात होत्या, पण ज्याच्या नावावर पहिल्या दिवशी थिएटरं भरतात असा नायक नव्हता. हिंदीच्या हिशेबाने पाहिलं तर मध्यमवयीन बायकांचा चित्रपट पाहायला कोण येणार, असा प्रश्न पडावा.

आल्या त्या बायकाच, आणि गटागटाने. भिशीचा गट, सोसायटीचं महिला मंडळ, शाळेच्या जुन्या मैत्रिणी, सासूसुना, नणंदाभावजया. नऊवारी नेसून, नाकात नथ घालून त्या मॉलच्या सरकत्या जिन्यांवरून वर गेल्या. पोस्टरपाशी फोटो काढले. खेळ संपल्यावर थिएटरच्या आवारात फुगड्या घातल्या, मंगळागौरीचे खेळ खेळल्या. त्याचे व्हिडिओ रील होऊन, स्टेटस होऊन, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर गेले. दुसऱ्या शनिवार-रविवारची कमाई पहिल्यापेक्षा जास्त झाली. असं फार थोड्या चित्रपटांच्या बाबतीत होतं, कारण एरवी पहिल्या आठवड्यानंतर आकडे उतरतात. अखेर एकूण कमाई ७० कोटी रुपयांच्या पुढे गेली आणि मराठीतल्या सर्वाधिक कमाईच्या चित्रपटांमध्ये या चित्रपटाची गणना झाली.

त्या व्हिडिओंमध्ये चित्रपटाबद्दल फारसं कोणी बोलतच नव्हतं. पटकथा चांगली आहे, अभिनय सुरेख आहे, असं समीक्षकाच्या थाटात कोणी सांगितलं नाही. बायका स्वतःला आणि आपल्या मैत्रिणींना दाखवत होत्या. पाहणाऱ्या बाईला त्यात नटी दिसत नव्हती. तिला आपली मावशी, समोरच्या विंगेतल्या काकू, ऑफिसातली मैत्रीण दिसत होती. ‘आपल्यासारख्याच’ बायका गेल्या होत्या, आणि आपणही गेलं पाहिजे, असं तिला वाटत होतं. टॉवेलच्या पाटीने जे केलं, तेच इथे झालं, फक्त आनंदाने आणि स्वयंस्फूर्तीने. निर्मात्यांनी कितीही पैसे ओतले असते, तरी एवढ्या नऊवाऱ्या कपाटातून बाहेर काढता आल्या नसत्या.

उसन्या पुराव्याचा मोह मात्र चांगल्या कामालाही सुटत नाही. मुंबईच्या डबेवाल्यांवर ‘फोर्ब्स’ मासिकाने १९९८ मध्ये लेख छापला. त्यानंतर ‘फोर्ब्सने डबेवाल्यांना सिक्स सिग्मा प्रमाणपत्र दिलं’, म्हणजे जवळपास बिनचूक कामाचं, ही गोष्ट भाषणांतून, सादरीकरणांतून आणि पुढे हजारो पोस्टींतून फिरत राहिली. लेख लिहिणारे सुब्रत चक्रवर्ती यांनी नंतर स्पष्ट केलं, की फोर्ब्सने असं प्रमाणपत्र कधी दिलेलं नाही. खरं तर डबेवाल्यांना त्याची गरजच नव्हती. २००३ मध्ये प्रिन्स चार्ल्स त्यांना चर्चगेटला भेटायला आले, २०१० मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलने त्यांच्यावर केस स्टडी केला, हे घडलेलं आहे. आणि त्याहून मोठी साक्ष म्हणजे पश्चिम रेल्वेवरच्या उपनगरांतली ती असंख्य घरं, जिथे आधीच्या पिढीने लावलेला डबा पुढच्या पिढीनेही तसाच चालू ठेवला. त्या घरांच्या आठवणी जमवून कोणी पोस्ट केल्या असत्या, तर त्यांना कोणी आव्हान देऊ शकलं नसतं.

कांदिवलीत आज विश्वास मिळवण्याचा हा प्रश्न मोठ्या कंपन्यांपेक्षा घरगुती धंद्यांचा जास्त आहे. जागतिक बँकेच्या मदतीच्या योजनेत वसलेल्या चारकोपच्या सेक्टरांत, ठाकूर व्हिलेजच्या उंच इमारतींत, महावीर नगरच्या खाऊगल्लीच्या आसपास, घरून केक करणाऱ्या, दिवाळीचा फराळ परदेशी पाठवणाऱ्या, ब्लाउज शिवणाऱ्या, गणिताच्या शिकवण्या घेणाऱ्या बायका आहेत. त्यांच्याकडे दुकानाची पाटी नाही. इन्स्टाग्रामचं पान आणि सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप हीच त्यांची पेढी. अनोळखी ग्राहक आगाऊ पैसे पाठवायला कचरतो, आणि ते योग्यच आहे. त्याचा विश्वास बसावा म्हणून जुन्या ग्राहकांना पुढे आणावं लागतं.

इथे एक चूक सर्रास दिसते. ‘खूप छान!’, ‘अप्रतिम!’, ‘बेस्ट!’ अशा दहा स्क्रीनशॉटांची माळ लावली जाते. त्यातून काहीच कळत नाही, कारण हे शब्द कुठल्याही वस्तूला लागू पडतात. त्याऐवजी एकच मेसेज पाहा: ‘चकल्या न्यू जर्सीला पोचल्या, अकरा दिवस लागले, चार-पाच तुटल्या, बाकी कुरकुरीत.’ हा मेसेज कोणी बनवून लिहिणार नाही. त्यात ठिकाण आहे, दिवस आहेत, थोडी तक्रारही आहे. पुढच्या ग्राहकाला नेमकं हेच विचारायचं असतं: पोचतं का, किती दिवसांत, कोणत्या अवस्थेत. म्हणून अनुभवी विक्रेत्या ग्राहकाला ‘कसं वाटलं?’ असं मोघम विचारत नाहीत. ‘घेण्याआधी कशाची शंका होती?’ असं विचारतात. उत्तरात आपोआप गोष्ट येते.

तक्रारीची भीती बाळगण्याचंही कारण नाही. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या स्पीगल संशोधन केंद्राला आढळलं, की खरेदीची शक्यता सर्वाधिक असते ती ४.० ते ४.७ ताऱ्यांच्या दरम्यान. पूर्ण पाच तारे दिसले, की लोक उलट साशंक होतात. नाराज ग्राहकाची कमेंट पुसण्यापेक्षा तिच्याखाली नम्रपणे उत्तर देऊन पैसे परत केल्याचं लिहावं; ते शंभर लोक वाचतात आणि लक्षात ठेवतात. ग्राहकांच्या साक्षीच्या जोडीला खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनी अन्न सुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक पोस्टमध्ये द्यावा; तो सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पडताळता येतो.

विकत घेतलेल्या गर्दीचा मार्ग सोपा दिसतो. जुलै २०२० मध्ये पार्श्वगायिका भूमी त्रिवेदी यांच्या नावाने बनावट इन्स्टाग्राम खातं असल्याच्या तक्रारीवरून मुंबई पोलिसांनी कुर्ल्यातून एकाला अटक केली, आणि तपासातून फॉलोअर्स व लाइक्स विकण्याचा पद्धतशीर धंदाच समोर आला. पैसे मोजले की हजारो फॉलोअर्स. पण हे फॉलोअर्स बोलत नाहीत, विकत घेत नाहीत, प्रश्न विचारत नाहीत. ज्या पानावर पन्नास हजार फॉलोअर्स आणि प्रत्येक पोस्टखाली सात कमेंट, ते पान जाणत्या ग्राहकाच्या लगेच ध्यानात येतं. चारकोपमधल्या फराळवालीला पन्नास हजारांची गरजही नसते. तिच्या चार इमारतींतल्या चाळीस घरांनी उघडपणे ‘हो, आम्ही घेतो’ म्हटलं, तर तिचा धंदा उभा राहतो.

कायदा आणि नियमही आता जागे झाले आहेत. जाहिरातींचं स्वयंनियमन करणारी, १९८५ पासून मुंबईत काम करणारी ‘ॲस्की’ ही संस्था आहे. तिचे इन्फ्लुएन्सरसाठीचे नियम १४ जून २०२१ पासून लागू झाले. पैसे, भेटवस्तू किंवा फुकट सेवा घेतली असेल, तर पोस्टवर जाहिरात असल्याचं ठळक लिहायचं. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी ‘आयएस १९०००:२०२२’ हे मानक आणलं. विकत घेतलेले किंवा विक्रेत्याने माणसं लावून लिहून घेतलेले रिव्ह्यू त्यात बसत नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने इन्फ्लुएन्सरसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. शिफारस करणाऱ्यावर एक ते तीन वर्षांची बंदीही येऊ शकते. केक फुकट देऊन रील करून घेतली आणि ते लपवलं, तर घरगुती विक्रेतीही या चौकटीत येते. लपवायची गरजही नाही. ‘हा केक चाखायला दिला होता’ एवढं लिहिलं, तरी रील पाहणारे पाहतातच.

उरला ग्राहकाच्या खासगीपणाचा प्रश्न, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. स्क्रीनशॉट टाकताना ग्राहकाचं नाव, प्रोफाइल फोटो, फोन नंबर, कधी घराचा पत्ताही तसाच जातो. सोसायटीच्या ग्रुपवरचा मेसेज ग्राहकाने शेजाऱ्यांसाठी लिहिलेला असतो, सगळ्या जगासाठी नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ मध्ये झाला, आणि संमती हा त्याचा पाया आहे. विक्रेतीने ‘तुमचा मेसेज पानावर टाकू का? नाव ठेवू की झाकू?’ असा दोन ओळींचा प्रश्न आधी पाठवावा. बहुतेक जणी आनंदाने हो म्हणतात. काही जणी तर मेसेज पुन्हा नीट लिहून देतात, सोबत ताटाचा फोटोही पाठवतात.