गलाईवाल्याचे शिसे

खानापूर, आटपाडी, माण, खटाव. आपल्या या तालुक्यांत पाऊस कमी. नुसत्या शेतीवर घर चालेना, म्हणून इथल्या पुष्कळ माणसांनी गलाईचा धंदा धरला. आज विट्याकडचा गलाईवाला कोचीत भेटतो, दिल्लीत भेटतो, कोलकात्यातही भेटतो. जत्रेला तो गावी येतो. तिकडे काय करतोस, असे विचारले तर म्हणतो, "सोनं गाळतो." ते खरेच आहे. पण सोन्याबरोबर तो शिसेही गाळतो. ते का, हे घरच्यांनी समजून घ्यावे, म्हणून आम्ही हा पाठ लिहिला आहे.

सोनार दागिना घडवतो तेव्हा कानशीने सोन्याची बारीक धूळ पडते. ती जमिनीवर सांडते, चटईत अडकते. सोनार हा केर फेकत नाही, साठवतो. पूर्वी सोनाराच्या दारातली माती धुऊन सोने काढणारे झारेकरी असत. गलाईवाला असा केर विकत घेतो, नाहीतर मजुरीने गाळून देतो.

केर जाळून त्याची राख करतात. राखेतले सोन्याचे कण डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. मग ते वेचायचे कसे? इथे शिसे कामाला येते. राख, शिसे आणि टाकणखार मुशीत घालून भट्टीत ठेवतात. टाकणखारामुळे माती काचेसारखी पातळ होऊन वर येते. शिसे जड, ते खाली बसते. बसताना ते सोन्याचांदीचे कण आपल्या पोटात घेते. पाण्यात साखर विरघळते ना, तसे सोने शिशात विरघळते.

आता ते शिशातून सोडवायचे. हाडांच्या राखेची खोलगट वाटी करतात. शिशाचा गोळा तीत ठेवून भट्टी पेटवतात. तापल्या शिशाला वारा लागला की त्याचे मुरदाडशिंग होते. लोखंड गंजते, त्यातलाच हा प्रकार. पातळ झालेले मुरदाडशिंग राखेची वाटी पिऊन टाकते. तांबेही त्याच्याबरोबर जाते. सोने-चांदी गंजत नाही, म्हणून ती वाटीत उरते. शेवटी तो मणी एकदम लखकन चमकतो. कारागीर त्या चमकेचीच वाट पाहत असतो. ही रीत फार जुनी. अकबर बादशहाच्या टांकसाळीत शिसे घालून चांदी शुद्ध करीत, आणि तिथे बाभळीची राख वापरीत. अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त हे लिहून ठेवले आहे.

पुढचे काम तेजाबाचे. त्यात चांदी विरघळते आणि सोने तळाशी राहते. चांदीच्या त्या पाण्यात तांब्याचा पत्रा सोडला की चांदीही परत मिळते. मोठ्या अकलेचा धंदा आहे हा!

पण शिशाचा हिशेब राहिलाच. सगळे शिसे काही वाटीने प्यायले नाही. शिसे ३२७ अंशांवर वितळते, आणि वाटीचे काम ९०० अंशांच्या आसपास चालते. एवढ्या तापात शिशाचा धूर होतो. तो श्वासातून अंगात जातो. त्याची धूळ हाताला लागते, हातावरून भाकरीला आणि बिडीला लागते. अंगात गेलेले शिसे हाडांत वर्षानुवर्षे बसून राहते. पोटात कळा येतात, शौचाला होत नाही, रक्त कमी होते, मनगटातला जोर जातो. माणूस चिडचिडा होतो. घरचे म्हणतात, परमुलखाचे पाणी बाधले.

मुलांना तर हे फारच वाईट. त्यांची बुद्धी मंदावते. इतके शिसे चालेल, असे मुलांसाठी मापच नाही. गरोदर बाईच्या अंगातून ते पोटातल्या बाळाला पोचते. भाड्याची एकच खोली, तिथेच भट्टी आणि तिथेच बिऱ्हाड, हे आम्हांला मुळीच पसंत नाही. भाडे वाचते खरे, पण ते मुलाकडून वसूल होते.

शिसे आणतात ते भंगारातून. जुने नळ, जुन्या केबलवरचे वेष्टन. स्वस्त पडते म्हणून कोणी मोटारीची बॅटरी फोडतात. ते करू नये. तिच्यात तेजाब असते आणि शिशाची भुकटी असते, ती वाऱ्यावर उडते. सन २०२२ च्या सरकारी नियमांप्रमाणे जुनी बॅटरी नोंदणी झालेल्या कारखान्यातच गेली पाहिजे. ओले भंगार वितळल्या शिशात टाकू नये, बरं का. पाण्याची वाफ होते आणि तापले शिसे अंगावर उडते.

भट्टीवर धुराडे हवे, आणि धूर ओढणारा पंखा हवा. तोंडाला नुसता रुमाल बांधून शिशाचा धूर अडत नाही. जमीन कोरडी झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. कामाचे कपडे दुकानातच ठेवावेत, हातपाय धुऊन मगच घरी जावे. ते कपडे मुलांच्या कपड्यांत धुवायला घालू नयेत. वाटीची राख गटारात वा शेतात टाकू नये, तिच्यात शिसे मुरलेले असते. आणि गलाईवाला गावी आला की त्याला मोठ्या दवाखान्यात न्या. रक्तातले शिसे मोजता येते. डॉक्टरांना 'गलाईचं काम करतो' एवढे आधी सांगा. नाही सांगितले तर पोटदुखीचे औषध मिळेल आणि तो पुन्हा भट्टीपुढे जाऊन बसेल.