बोडक्या बेटाचा खेळ माणदेशात

कामगार संघटनेच्या माणसांनी पगारवाढीवर बोलावे, बोनसवर बोलावे. चित्रपटावर, आणि तोही जपानच्या चित्रपटावर, त्यांनी कशाला बोलावे, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर सरळ आहे. ज्या चित्रपटाविषयी आम्हांला येथे सांगावयाचे आहे तो ज्या परंपरेत जन्मला, ती परंपराच एका संपातून निघालेली आहे. आणि तो ज्या कामाविषयी आहे ते काम, म्हणजे खांद्यावरून ओझे वाहणे, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणाऱ्या आमच्या हमालांना कोणी शिकवावे लागत नाही.

चित्रपटाचे नाव ‘हादाका नो शिमा’. शब्दशः अर्थ ‘उघडे बेट’. आमच्या बोलीत डोंगराला जसे बोडका डोंगर म्हणतात तसे म्हणावयाचे तर ‘बोडके बेट’. दिग्दर्शक कानेतो शिंदो. हे गृहस्थ १९१२ साली हिरोशिमा प्रांतात जन्मले आणि शंभर वर्षे जगून २०१२ साली वारले. चित्रपट १९६० सालचा, काळा-पांढरा, दीड तासाहून थोडा मोठा. मिहारा गावाजवळच्या समुद्रातील सुकुने नावाच्या चिमुकल्या बेटावर तो चित्रित झाला. मोठी कामे करणारे व्यावसायिक नट दोनच, नोबुको ओतोवा आणि ताइजी तोनोयामा. मुलांची कामे तिकडच्याच मुलांनी केली. तंत्रज्ञ हाताच्या बोटांवर मोजावेत इतके, आणि खर्च त्या काळी जपानात एका चित्रपटाला येई त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास.

गोष्ट म्हणाल तर काहीच नाही. बेटावर एकच कुटुंब राहते: नवरा, बायको, दोन मुलगे. चारही बाजूंना पाणी, पण खारे. बेटावर गोड्या पाण्याचा थेंब नाही. म्हणून नवराबायको पहाटे होडी वल्हवीत पलीकडच्या किनाऱ्यावर जातात, लाकडी बादल्या भरतात, परत येतात, आणि खांद्यावर कावड घेऊन उभा चढ चढतात. वर गेल्यावर ते पाणी रोपारोपाच्या मुळाशी ओगराळ्याने घालतात. जमीन ते लगेच पिऊन टाकते. मग पुन्हा होडी. पिकले की त्यातले धान्य मालकाला घालावयाचे. आणि या सबंध चित्रपटात संवाद नाहीत. माणसे हसतात, रडतात, वल्ह्याचा आवाज येतो, हिकारू हायाशी यांचे संगीत आहे. बोलणे मात्र नाही.

माणदेशातला प्रेक्षक डोळ्यांपुढे आणा. दरसाल चैत्रात शिखर शिंगणापूरला मुंगी घाटातून कावडी चढतात, त्या पाहिलेल्या माणसाला बायकोच्या पायाखालचा खडा सरकला की काळजात काय होते, हे जपानी भाषेतून सांगावे लागेल काय? फरक इतकाच की शिंगणापूरची कावड वर्षातून एकदा देवाला जाते आणि बेटावरची दिवसातून अनेकदा शेताला. माणदेश वेगवेगळ्या जिल्ह्यांत विभागला आहे असे आपण म्हणतो, पण तोही कागदाचा फरक. सांगली जिल्हा १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून निघाला आणि १९६० साली त्याला आजचे नाव मिळाले. माण आणि आटपाडी या तालुक्यांची कोरड त्याआधीपासून एकच आहे. १९९३ साली आटपाडीत नागनाथअण्णा नायकवडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाणी संघर्ष चळवळ उभी केली, तिची मागणी होती की पाणी प्रत्येक कुटुंबाला समान मिळावे. आज टेंभूचे पाणी आटपाडीत पोहोचले आहे. पण २०२२ सालीही जतच्या पूर्व भागातली गावे पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याची भाषा करीत होती.

आता संपाची हकीकत. दुसरे महायुद्ध संपल्यावर जपानात कामगार संघटनांना मोकळीक मिळाली आणि चित्रपट कारखान्यांतील कामगार झपाट्याने संघटित झाले. तोहो ही तिथली एक बलाढ्य कंपनी. १९४८ साली तिने कामगारकपात काढली, तेव्हा कामगारांनी तोक्योतील स्टुडिओ ताब्यात घेऊन महिनोन् महिने संप चालविला. १९ ऑगस्ट १९४८ रोजी सुमारे दोन हजार पोलीस तेथे आले, आणि त्यांच्या पाठीशी अमेरिकन लष्कराचे रणगाडे आले, वर विमाने घिरट्या घालू लागली. दिवे लावणाऱ्या, पडदे रंगविणाऱ्या, नकला करणाऱ्या माणसांना बाहेर काढण्यासाठी रणगाडे! संप मोडला. पुढे १९५० च्या सुमारास डाव्या विचाराच्या लोकांना वेचून कामावरून काढले गेले. पण हात रिकामे झालेल्या त्या माणसांपैकी पुष्कळ जण गप्प बसले नाहीत. तादाशी इमाई, सात्सुओ यामामोतो यांसारख्या दिग्दर्शकांनी कंपन्यांबाहेर चित्रपट काढावयास आरंभ केला. शिंदो यांनीही १९५० साली मित्रांसह ‘किंदाई एइगा क्योकाई’ ही आपली छोटी संस्था काढली. ते दुसऱ्या कंपनीतून बाहेर पडले होते, पण वाट तीच. जपानचा स्वतंत्र चित्रपट म्हणतात तो असा उभा राहिला.

पैसा कोठून आला? यातले सर्वांत मोठे उदाहरण ‘हिरोशिमा’ या १९५३ सालच्या चित्रपटाचे. जपानी शिक्षकांच्या संघटनेने तो काढविला. सुमारे पाच लाख सभासदांनी प्रत्येकी पन्नास येन दिले. हिदेओ सेकिगावा यांनी दिग्दर्शन केले, आणि सुमारे नव्वद हजार हिरोशिमाकर पडद्यावर आले. त्यांत ज्यांनी तो बॉम्ब प्रत्यक्ष सोसला होता असेही होते. एवढे झाल्यावर काय घडले पाहा. शोचिकू या मोठ्या वितरक कंपनीने काही दृश्ये कापा असा आग्रह धरला. अमेरिकेला ती झोंबतील अशी भीती. संघटनेने नकार दिला, कंपनीने हात झटकले. चित्रपट तयार, लोक पाहावयास उत्सुक, आणि मध्ये दार बंद.

हे दार म्हणजे काय, ते समजून घेतले पाहिजे, कारण सगळी मेख तेथेच आहे. जपानात पाच-सहा मोठ्या कंपन्या चित्रपट काढीत, त्याच वितरीत करीत, आणि पुष्कळशी चित्रपटगृहेही त्यांचीच किंवा त्यांच्याशी करारबद्ध असत. एका कंपनीचे चित्रपट वर्षभर ओळीने लावावयाचे, मध्ये परका घ्यावयाचा नाही. दर आठवड्याला नवा चित्रपट आला की बाहेरच्याला जागा उरतेच कोठे? गिरणी, बाजार आणि दुकान तिन्ही एकाच्या हातात असल्यावर कोष्ट्याने कितीही चांगले लुगडे विणले तरी ते विकावे कोणाला? आमच्याकडे गृहे कंपन्यांची नसली तरी परिणाम फार वेगळा नाही. शुक्रवारी चित्रपट लागतो, पहिल्या तीन दिवसांत खुर्च्या भरल्या नाहीत तर सोमवारी त्याला दुपारी बाराचा खेळ मिळतो आणि पुढच्या शुक्रवारी तो उतरतो. बाराच्या खेळाला कामकरी माणूस येणार कसा? आणि मग म्हणावयाचे की लोकांना चांगले नको असते.

‘बोडके बेट’ निघाले तेव्हा शिंदो यांची संस्था कर्जात होती आणि हा शेवटचाच चित्रपट असे धरून त्यांनी तो केला. तो तरला परक्या प्रेक्षकांमुळे. १९६१ साली मॉस्कोच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिकात वाटा मिळाला, साठाच्या आसपास देशांनी तो विकत घेतला, आणि कर्ज फिटले. संवाद नव्हते म्हणून भाषांतराचा खर्चही फारसा नव्हता, हा व्यवहाराचा मुद्दा रसिक मंडळी सांगत नाहीत. आम्हांला तो महत्त्वाचा वाटतो.

आमच्या देशात पन्नास येनांचा भाऊ शोभेल असा प्रयोग १९७६ साली झाला. ‘मंथन’साठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये दिले, आणि मग आपलाच चित्रपट म्हणून ट्रक भरभरून ते पाहावयास गेले. त्याच्या लेखनात आपल्या विजय तेंडुलकरांचा हात होता. येरळेवरचे बळीराजा स्मृती धरणही नदीतली वाळू विकून आणि लोकांच्या श्रमांतून झाले. म्हणजे पैसे गोळा करण्याची अक्कल आपल्याला नाही असे नाही. ती चित्रपट दाखविण्याकडे वळविली नाही, एवढेच.

जपानशी जोडलेला आपल्याकडचा स्वतंत्र चित्रपट म्हणजे आनंद पटवर्धन यांचा ‘जंग और अमन’. पोखरणच्या १९९८ च्या चाचण्यांनंतरचा भारत, पाकिस्तान आणि जपानातील अणुबॉम्बग्रस्त असे तिन्ही त्यात आहेत. सेन्सॉरने त्यात अनेक काटछाटी सुचविल्या. पटवर्धन मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २००३ साली एकही काट न देता तो सुटला. सातारकरांसाठी सांगतो, साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या दिवसांत भूमिगत राहून वावरलेले अच्युतराव पटवर्धन हे यांचे काका.

तर मग हा जपानी खेळ दिघंचीला किंवा म्हसवडला लावावयाचा कसा? प्रथम कागद. दुकानातून आणलेली तबकडी घरी पाहण्यासाठी असते. चारचौघांत दाखवावयाची तर हक्कधारकाचे लेखी संमतिपत्र हवे. जाहीर खेळाला १९५२ च्या कायद्याप्रमाणे सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते, परदेशी चित्रपटही त्यातून सुटत नाही. फिल्म सोसायट्यांनी सभासदांपुरते खेळ करण्याची वाट फार पूर्वीपासून धरली आहे. या सोसायट्यांचा देशव्यापी संघ १९५९ साली झाला, तेव्हा त्याचे अध्यक्ष सत्यजित राय होते. गावात सभासद नोंदविणे हे काम कामगार संघटनेच्या माणसाला अवघड वाटू नये. पावतीपुस्तक आणि सायकल, दुसरे काय लागते?

जाहिरात कशी करावी, ते तंबूवाल्यांकडून शिकावे. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत तंबूतला सिनेमा कित्येक पिढ्यांनी पाहिला. ट्रकवर यंत्र, भोंग्यावर आरोळी, रंगीत हँडबिले, बायकांची आणि पुरुषांची बसण्याची जागा वेगळी. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी या फिरत्या सिनेमावर काढलेला माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात गाजला. पण तोवर तंबू बरेचसे उठत चालले होते. तंबूवाला पारितोषिकांची यादी वाचीत नसे. तो एकच गोष्ट ओरडून सांगे, आणि ती प्रेक्षकाच्या जिव्हाळ्याची असे. आम्ही हँडबिलावर ‘मॉस्को’ छापणार नाही. ‘पाण्यासाठी दिवसभर वल्हविणाऱ्या नवराबायकोची गोष्ट’ एवढे छापू, आणि ते टँकरच्या रांगेत, बाजारात, दूध संकलन केंद्रावर वाटू. तिकिटे दारावर विकण्याच्या भरवशावर राहू नये. दहा रुपयांचे का होईना, तिकीट आधी हातात पडले की माणूस येतो. फुकट दिलेला पास खिशात राहतो.

चित्रपटापूर्वीचे भाषण हा आमच्या पुढाऱ्यांचा आवडता रोग. मूकपटांच्या काळात जपानात पडद्याशेजारी बसून कथा सांगणारे ‘बेंशी’ असत. बोलपट आले तेव्हा पोटावर पाय आला म्हणून त्यांनीही संप केला. ती त्यांची कला होती, आमची नव्हे. पाच मिनिटे बोलावे: बेट कोठे आहे, पाणी का नाही, जमीन कोणाची. बस्स.

एका प्रसंगाची मात्र आधीच तयारी ठेवावी. चढावर बायकोचा पाय घसरतो, एक बादली सांडते, आणि नवरा तिच्या थोबाडीत मारतो. ती उठते, पुन्हा कावड उचलते. पुरुषांच्या बाजूने येथे कोणीतरी हसण्याचा संभव असतो, आणि बायकांच्या बाजूला शांतता पसरते. खेळ संपल्यावर चर्चा ठेवावयाची तर याच जागेपासून, आणि पहिले बोलणे बायकांचे. घरचे पाणी आमच्याकडेही त्याच आणतात, तरी पाणी परिषदेत व्यासपीठावर कोण बसते, हे आमच्या संघटनेलाही विचारले गेले पाहिजे. पुढे त्यांचा थोरला मुलगा आजारी पडतो, बाप डॉक्टरसाठी होडी हाकतो, आणि डॉक्टर येतो तेव्हा उशीर झालेला असतो. आई एकदा, एकदाच, बादली उपडी करून रोपे उपटून फेकते आणि जमिनीवर पडून रडते. नवरा नुसता पाहत राहतो, मग पाणी घालू लागतो. थोड्या वेळाने तीही उठते.

सोसणाऱ्यांना त्यांचेच सोसणे पडद्यावर कशाला दाखविता, त्यांना दोन घटका करमणूक द्या, असे सुशिक्षित लोक म्हणतात. करमणुकीला आमचा विरोध नाही. तमाशाचा फड आम्हांलाही आवडतो. परंतु शंभर किलोंचे पोते पन्नास किलोंवर यावे म्हणून भांडलेल्या हमालांच्या सभांत आम्ही पाहिले आहे, की आपले ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर पाहिल्याखेरीज ते किती आहे हे माणसाला नीट कळत नाही. स्वतःच्या खांद्यावरचे सवयीचे होते.

राहिली जागा आणि तारीख. शाळेचे पटांगण, भिंतीवर ताणलेले पांढरे जाड कापड, भाड्याचा प्रोजेक्टर, आणि वीज जाईल हे धरून जनरेटर. तो मात्र लांब ठेवावा, कारण या चित्रपटात वल्ह्याचा आवाज ऐकू येणे जरूर आहे. वैशाखात अंधार पडावयास साडेसात वाजतात, तेव्हा खेळ आठाला. चांदणे पडद्यावरचा काळा-पांढरा रंग खाऊन टाकते, म्हणून अमावास्येच्या आगेमागे तारीख धरावी. आठवड्याचा बाजार आणि लग्नाची दाट तीथ टाळावी. आणि गावात टँकर ज्या दिवशी येतो, तो दिवस तर हमखास टाळावा. त्या संध्याकाळी बायका येऊ शकत नाहीत.