जे जिवंतच नाही, ते मारायचं कसं?

वारजे माळवाडीतल्या एखाद्या रुग्णालयात केमोचं सलाईन संपतं. सिस्टर नळी काढतात, आणि तिच्यात लाल रंगाचा थोडासा द्रव उरलेला असतो: डॉक्सोरुबिसिन. त्याचं पुढे काय करायचं?

रक्ताने माखलेल्या नळ्यांवर ऑटोक्लेव्हचा उपाय आहे. दाबाखाली १२१ अंशांची वाफ दिली की जंतू मरतात. या लाल थेंबात मात्र मारण्याजोगं काही जिवंत नाहीच. तो एक रेणू आहे, आणि वाढणाऱ्या पेशीच्या डीएनएवर घाला घालणं हेच त्याचं काम. पेशी गाठीतली आहे की सलाईन लावणाऱ्या सिस्टरची, हे त्याला कळत नाही. १९७९ मध्ये फिनलंडच्या संशोधकांना अशी औषधं हाताळणाऱ्या परिचारिकांच्या लघवीत जनुकांत बदल घडवणारे गुणधर्म आढळले. औषध रुग्णाला दिलेलं, खुणा परिचारिकांच्या शरीरात!

केमोच्याच आणखी एका औषधाचं, सायक्लोफॉस्फामाइडचं, कूळ तर थेट युद्धातल्या मस्टर्ड वायूशी जाऊन भिडतं. डिसेंबर १९४३ मध्ये इटलीतल्या बारी बंदरात हा वायू भरलेले बॉम्ब वाहणारं जहाज बुडालं, आणि बाधितांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्याचं डॉक्टरांनी टिपलं. ज्या विषाने माणसं गेली, त्याच्याच नात्यातल्या रेणूने पुढे कितीजण वाचले. मला यातलं आश्चर्य अजून ओसरत नाही.

पण हे रेणू निरोगी पेशींनाही सोडत नाहीत, म्हणूनच भारताच्या २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी या औषधांना वेगळी वागणूक दिली आहे. फुटलेली साधी काचेची व्हायल निळ्या डब्यात जाते. केमोच्या औषधाची व्हायल मात्र काचेची असली तरी पिवळ्यातच, सायटोटॉक्सिकचं, म्हणजे पेशींना मारक असल्याचं, चिन्ह लावून. पुढे एक तर ती उत्पादकाकडे परत जाते, किंवा सामायिक प्रक्रिया केंद्रात १२०० अंशांहून जास्त तापमानाला जाळली जाते. सोनं १०६४ अंशांना वितळतं, यावरून त्या आगीचा अंदाज यावा! डॉक्सोरुबिसिन त्याआधीच मोडतं, पण काही औषधांना हजार अंश लागतात, आणि आग कमी पडली तर न मोडलेलं औषध वाफ होऊन धुराड्यातून बाहेर पडतं. रुग्णालयाच्या मागे कचरा पेटवणं म्हणूनच भयंकर.

सिंकमध्ये ओतणं त्याहून बरं नाही. सायक्लोफॉस्फामाइड सांडपाणी प्रक्रियेत फारसं मोडत नाही. वारज्याच्या कडेने वाहणारी मुठा पुढे मुळेला मिळते, मग भीमेला, आणि भीमेवर उजनी धरण आहे.

घरी केमोच्या गोळ्या उरल्या असतील, तर त्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, संडासातही नको. जिथे उपचार चालू आहेत त्या रुग्णालयाच्या फार्मसीत विचारा आणि गोळ्यांना हात न लावता, मूळ पाकिटासकट तिथेच परत द्या.